आपल्याला काय म्हणायचं

भिसेगाव, कर्जत
१२ फेब्रुवारी १९८४

आवडी,
जय भीम.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायानं ते टेबलावर आणून ठेवलं तेव्हा समोर दोन पालक बसले होते. मी ते तसंच पिशवीत टाकलं आणि घरी येऊन वाचलं. सोळा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'च' अजून तसाच काढतेस, पोट फुगलेला.

येसूआई गेल्याचं सोमानं तुला कळवलं आणि माझा पत्ताही त्यानंच दिला, हे समजलं. तुझ्या भावाचा कागदपत्र सांभाळण्याचा स्वभाव आहे म्हणून हे झालं. तुझ्या आईच्या शेवटच्या दोन दिवसांत मी आपल्या गावी, लोधिवलीलाच होते. तिला फार त्रास झाला नाही. तुझी आठवण तिनं एकदाच काढली. "तिकडं थंडी लय असंल," एवढंच म्हणाली.

माझं ठीक आहे. संस्थेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होऊन सहा वर्षं झाली. माझे अण्णा चौऱ्याहत्तर साली गेले. आई माझ्याजवळच असते. गुडघे धरलेत, जीभ शाबूत आहे. लग्न मी केलं नाही. लोकांनीही मागं लागायचं सोडून दिलं. आता जयंतीच्या भाषणात 'बाईंनी समाजासाठी आयुष्य वाहिलं' असं सांगतात आणि मी खाली मान घालून ऐकते.

तू लिहितेस की तिकडं विलायतेत तू आणि ती मार्गारेट बारा वर्षं एका घरात राहता. तुमच्यासारख्यांना तिथं 'क्विअर' म्हणतात आणि तूही स्वतःला तेच म्हणतेस. पुढं मला विचारतेस, "आपण कोण होतो, चंद्रा? तू आपल्याला काय म्हणतेस?"

शाळेतल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात मी तो शब्द काढून पाहिला. विचित्र, चमत्कारिक, तऱ्हेवाईक. खाली आणखी एक अर्थ दिलाय, किंचित आजारी. यातली मी कुणीही नाही. आपण मैत्रिणी होतो. एक मास्तरीण, एक नर्स. बाईमाणसाला एकटीला कुणी खोली देईना म्हणून एकत्र राहिलो. तेव्हा नोकरीवाल्या कितीतरी जणी अशा राहायच्या.

तुला दवाखान्यातून का जावं लागलं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्याबद्दल मी काय लिहिणार?

तब्येत सांभाळ. पुन्हा लिहिलंस तर घरच्या पत्त्यावर लिही.

चंद्रा


भिसेगाव
४ एप्रिल १९८४

आवडी,

रागावलीस ते बरं झालं. माझं पत्र पालकसभेच्या इतिवृत्तासारखं होतं म्हणतेस, ते खरंच आहे. सहा वर्षं तेच लिहितेय ना.

तो शब्द तुझ्यापर्यंत कसा आला ते तू सविस्तर लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. पहिल्याच वर्षी वॉर्डातली मोठी सिस्टर जेवणाच्या टेबलावर दुसरीला म्हणाली, की त्या हिंदुस्थानी नर्सपासून जरा लांब बस, ती 'क्विअर' आहे. तुला अर्थ कळला नाही, म्हणून तू एका म्हाताऱ्या पेशंटबाईला विचारलंस, आणि तिनं तुझा हात धरून सांगितला. मग कितीतरी महिने तू त्या खोलीत जेवलीच नाहीस. आणि पुढं मार्गारेटच्या स्वयंपाकघरात चारपाच जणी जमलेल्या असताना एकीनं चहा ओतता ओतता 'आपण क्विअर बाया' असं सहज म्हटलं, सगळ्या हसल्या, आणि कुणालाच लागलं नाही. त्या दिवशी त्या शब्दातला काटा निघाला, असं तू म्हणतेस.

मला ते पटलं नाही. का ते सांगते.

सत्तावन्न साल आठव. दीक्षेनंतरचा पहिला उन्हाळा. अण्णा आपल्या दोघींना शाळेत घेऊन गेले, दाखल्यातली जात बदलून 'बौद्ध' लिहून घ्यायला. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, धर्माजी, तुम्ही काहीही लिहून घ्या, लोक म्हणायचं तेच म्हणणार. अण्णा उभेच होते. त्यांना कधी तिथं बसा म्हटलं गेलं नव्हतं. ते म्हणाले, "लोकान्ला काय म्हनायचं ते म्हनू द्या, गुरुजी. या पोरींच्या नावाफुडं मी सांगतो ते लिवा." हेडमास्तरांनी दौत शोधण्यात बराच वेळ घालवला. पण लिहिलं.

म्हणून मला वाटतं, की लोकांनी आपल्यावर टाकलेला शब्द आपण फेकून दिला आणि आपण निवडलेला घेतला. तू मात्र त्यांनी फेकून मारलेला उचलून अंगावर घालतेस. हे अण्णांच्या उलट झालं.

असं लिहून मी पत्र तीन दिवस तसंच ठेवलं होतं. मग दुसरंही एक मनात आलं. 'बौद्ध' म्हणवून घेतलं तेव्हा अण्णांना त्यातलं काय ठाऊक होतं? पाच शीलं, तीही पाठ व्हायची होती. आधी शब्द घेतला, मग हळूहळू त्यात राहायला शिकले. तुझंही तसंच काही असेल. मला सांगता येत नाही.

आणि एक. मागच्या पत्रात मी 'मैत्रिणी' लिहिलं. दवाखान्यानं तुला दिलेल्या आपल्या त्या खोलीत दोन खाटा होत्या. तपासणीला कुणी यायचं असलं, की सकाळी उठून आपण त्या ओढून दोन भिंतींना लावायचो. खालच्या सारवणावर पायांचे चरे उठायचे, ते तू शेणानं पुन्हा लिंपायचीस. सुया उकळायच्या पातेल्यात चहा करायचीस म्हणून मी भांडायचे, आणि भांडून तोच चहा प्यायचे. मैत्रिणींना खाटा हलवाव्या लागत नाहीत. एवढं मला कळतं.

चंद्रा


भिसेगाव
१७ जून १९८४

आवडी,

एक अडचण उभी राहिली आहे. सांगायला दुसरं कुणी नाही.

माझ्या शाळेत गौरा म्हणून एक तरुण शिक्षिका आहे. वडील रसायनीला कारखान्यात आहेत. तिची नेमणूक अजून तात्पुरती आहे, दरवर्षी पुढं वाढवावी लागते. गणित इतकं सोपं करून शिकवते, की पोरं मधल्या सुट्टीतही तिच्याभोवती पाटी घेऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी तिनं इथंच आबाजींच्या चाळीत खोली घेतली. तिच्याबरोबर सफुरा राहते. ती बाजारात शिवणवर्ग चालवते. तिचे वडील अबूबकरभाई, सायकलच्या दुकानाचे.

त्यांची खोली माझ्या जायच्यायायच्या वाटेवर आहे. दोघींची धुणी एका दोरीवर दिसायची. गेल्या वर्षापासून मी मागच्या गल्लीनं जायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, की इकडं चिखल असतो.

मे महिन्यात आबाजींनी कौलं चाळायला माणूस लावला. दुपारी त्यानं वरून दोन कौलं काढली, आणि खाली या दोघी एका अंथरुणात झोपलेल्या त्याला दिसल्या. एकीचा हात दुसरीच्या अंगावर. त्यानं पाहिलं ते एवढंच. पण चार दिवसांत सगळ्या बाजारात वेगळंच पसरलं. लोकांनी त्या पोरींना जे जे शब्द लावले ते लिहून मी हा कागद खराब करत नाही. शिवणवर्गाच्या अठरा मुलींपैकी सातच उरल्यात.

शाळा समितीचे अध्यक्ष श्रीपतराव काल घरी आले होते. चांगला माणूस आहे गं, शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच पाठपुरावा करून बांधून घेतल्या. आईनं चहा दिला. ते म्हणाले, गौराबाईंच्या वर्तनाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून द्या, नेमणूक वाढवायची नाही एवढंच, बाकी आम्ही बघतो, बाहेर तुमचा उल्लेखही होणार नाही.

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलेलं आहे. कुठं, ते आज लिहवत नाही.

शनिवारी, तीस तारखेला सभा आहे. गौरा माझ्यासमोर हजेरीपटावर सही करते आणि वर बघत नाही. मला भीती वाटते, आवडी. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. पोरं माझ्या पावलांच्या आवाजानं गप्प होतात, आणि मला झोप येत नाही.

चंद्रा


भिसेगाव
१ जुलै १९८४

आवडी,

सभा काल झाली. चौथीच्या वर्गात. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समितीचे पाच जण, आबाजी, आणि बोलावून घेतलेले अबूबकरभाई. गौरा दाराशी उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी माझी खुर्ची तिला दिली आणि उभी राहिले.

आबाजी बराच वेळ बोलले. मग श्रीपतरावांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी म्हटलं, मला लिहिता येणार नाही, हिच्या शिकवण्यात मला खोट दिसत नाही. ते म्हणाले, शिकवण्याचा प्रश्न नाही, वर्तनाचा आहे. मी म्हटलं, त्या वर्तनासाठी हिला काढायचं तर मला आधी काढायला हवं होतं. कुणाला काही कळलं नाही. एक जण म्हणाला, बाई, तुमच्याबद्दल कोण काय बोलतंय?

खरं सांगते, वाटेनं येताना मी तुझा शब्द मनात घोळवत होते. पण त्या वर्गात तो बोलून कुणाला काय कळणार होतं? 'मैत्रीण' म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि ते खोटं झालं असतं.  आणि मग मी म्हटलं, "लोधिवलीची आवडी, दवाखान्यात नर्स होती. बासष्ट ते अडुसष्ट, सहा वर्षं मी तिच्याबरोबर संसार केला."

हा शब्द मी ठरवला नव्हता. तोच आला. आपण दुसरं केलं तरी काय होतं? मीठ-मिरची आणली, आजारपणं काढली, भांडलो, पुन्हा बोललो. त्याला आपल्याकडं एवढा एकच शब्द आहे, आणि तो आपल्याला कुणी दिला नव्हता.

एक जण हसला आणि दुसरं कुणी हसत नाही असं बघून थांबला. श्रीपतरावांनी कागद परत घेतला. तो कोराच घडी घालून खिशात ठेवला. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटली असावी. सभा काही न ठरता उठली.

फाटकापाशी अबूबकरभाई माझी वाट बघत थांबले होते. म्हणाले, "बाई, तुमी बोललात ते समदं मला उमगलं नाय. पन माज्या पोरीनं दार वाजवलं तर मी उघडीन." मग सायकल हातात धरून चालतच गेले.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. आई चुलीपुढं बसली होती. मी पण जाऊन बसले. तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मला म्हायती नव्हतं, आन म्हायती करून घ्यायचं बी नाय. पन उपाशी कशापायी बसलीस? जेव." मी जेवले.

आता ते लिहिते, जे मला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

अडुसष्टच्या नोव्हेंबरात तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. खोली झाडणाऱ्या बाईनं त्यांना काहीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, या नर्सचं इथलं काम संपलं आहे, दोन ओळी लिहून द्या, बाहेर तुमचा उल्लेखही होणार नाही, आता तुमची नोकरी वाचवायची की नाही ते तुम्ही बघा. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'सदर परिचारिकेचे वर्तन स्त्रीवर्गास शोभणारे नाही.' पुढचं वाक्य, मी तिच्या खोलीत राहत होते, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यात 'नाइलाजाने' हा शब्द मी माझ्या मनानं घातला. कुणी सांगितला नव्हता. आणि सही केली.

नोकरी गेली असती तर अण्णांना काय सांगणार होते, हे खरं आहे. वस्तीतली शिकलेली पहिली पोर मी, माझ्याकडं बघून पाच जणींना शाळेत घातलं होतं, हेही खरं आहे. पण तो एक शब्द घालायला यातलं काहीच कारण नव्हतं. मला स्वतःला तुझ्यापासून वेगळं काढून दाखवायचं होतं. आपण त्या खाटा हलवायचो तसं.

तू माफ कर असं मी लिहीत नाही. तुला कळायला हवं, एवढंच.

चंद्रा


भिसेगाव
९ सप्टेंबर १९८४

आवडी,

दोन महिने तुझं पत्र नाही म्हणून मी समजले, की आता यायचं नाही. परवा आलं. पोस्टमननं हातात दिल्यावर मी ते तिथं पायरीवरच बसून फोडलं.

तुला माहीत होतं.

डॉक्टरांनी तो कागद त्याच दिवशी तुझ्यापुढं ठेवला होता. बाकीची भाषा डॉक्टरांची आहे हे तुला लगेच कळलं, आणि 'नाइलाजाने' एवढा एक शब्द चंद्राचा, हेही कळलं, असं तू लिहितेस. तू ते रागानं लिहिलेलं नाहीस. तेच मला सोसवेना.

त्यानंतर चार दिवसांनी तू गेलीस. खालापूरच्या एसटी थांब्यावर मी तुला पोचवायला आले होते. मला खोकला झाला होता. गाडी सुटायच्या आधी तू खिडकीतून म्हणालीस, "औषधाची बाटली फडताळात वरच्या खणात हाय. संपंस्तोवर घे, मधीच सोडू नगंस." इतकी वर्षं मी समजत होते, की तुला ठाऊक नव्हतं म्हणून तू तसं बोललीस. आता त्या थांब्यावर मी रोज जाऊन उभी राहते, मनानं. तू सगळं जाणून ते बोललीस. मला तेव्हा ते औषध गोड लागलं होतं, हे तुला सांगायला हवं.

इथलं सांगते. गौरानं स्वतःच जागा सोडली. पनवेलला एका शाळेत तिला काम मिळालं. शिफारसपत्र मी दिलं, त्यात तिच्या गणिताबद्दल लिहिलं, बाकी काही नाही. सफुराची दोन शिलाई मशीनं अबूबकरभाईंनी स्वतः दोरीनं बांधून टेंपोत चढवली. पोरींनी माझ्या पाया पडायला वाकायचं ठरवलं होतं, मी पडू दिलं नाही.

माझी बदली झाली. संस्थेची डोंगरातल्या एका वाडीवर दोनशिक्षकी शाळा आहे, दसऱ्यानंतर तिथं रुजू व्हायचं. मुख्याध्यापकपद काढलेलं नाही, पण तिथं दुसरा शिक्षक आठवड्यातून तीन दिवस येतो असं ऐकलं, तेव्हा मुख्य मी आणि उरलेलीही मीच. श्रीपतराव ऑर्डर द्यायला स्वतः आले, शिपायाबरोबर पाठवली नाही. चहा मात्र घेतला नाही. विहारात रविवारी वंदनेला मी बसते त्या रांगेत आता चार बायका कमी बसतात. दोन नव्या आल्यात. त्यातली एक काही बोलत नाही, नुसती शेजारी बसते आणि संपलं की जाते. मीही काही विचारत नाही.

आई येणार आहे माझ्याबरोबर. परवा तिनं मध्येच विचारलं, "आवडीला तितं कोन हाय गं?" मी म्हटलं, हाय एक बाई, बारा वर्षं झाली. ती शेंगा सोलत होती. मूठभर दाणे सुपात टाकून म्हणाली, "बरं झालं. परमुलखात येकटीनं नगं."

तू पुन्हा विचारलंस, आता तरी तो शब्द घेशील का. नाही गं, निदान अजून तरी नाही. तुझ्याकडं तो चहाबरोबर आला, तुझ्या माणसांच्या तोंडून आला. माझ्याकडं तो शब्दकोशातून आला, आणि शब्दकोशाला मी आवडत नाही. पण तू तो टाकून दे असं मी आता कधी म्हणणार नाही. गुरुजींनी दौत शोधायला लावलेला वेळ मी पाहिलाय. तू तुझ्या नावापुढं काय लिहायचं ते तू सांगशील, आणि लिहिणाऱ्यानं ते लिहावं. मला तुझं तिथलं घर कळलं, ते दोघींचं आहे हे कळलं, आणि ऐकून पोटात दुखलं नाही असंही नाही. सहा वर्षं माझ्याही घरात तू होतीस.

मार्गारेटला तू माझ्याबद्दल काय सांगितलंस ते मी विचारत नाही. सांगितलं नसशील तर आता सगळं सांग. हिनं सही करून मला घालवलं, हे आधी सांग. काही वगळू नकोस. मग सांग, की फार उशिरा का होईना, हिनं चारचौघांत माझं नाव घेतलं. आणि आमच्याकडं बाईनं चारचौघांत नाव घेतलं की त्याचा अर्थ काय होतो, तेही तिला नीट समजावून सांग.

चंद्रा